डागाळलेल्या ताऱ्यांवर पाळत

देवनहळ्ळी हे पूर्वी टिपू सुलतानाचे जन्मगाव आणि तिथला किल्ला म्हणून ठाऊक होते. २००८मध्ये बेंगळुरूचा नवा विमानतळ इथे सुरू झाला आणि गावाची ओळखच बदलली. धावपट्टीचे दिवे, मालाची गोदामे, चहूबाजूंनी उठलेल्या उंच इमारती यांच्या झगमगाटात रात्री इथून मोजके ठळक तारे तेवढे दिसतात. या मुलखाचा ताऱ्यांशी काही संबंध असेल, असे विमान पकडायच्या घाईत असलेल्या प्रवाशाला वाटण्याचे कारण नाही. पण इथून होसूरकडे जाणारा महामार्ग धरला की तीसेक किलोमीटरवर होसकोटे लागते. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ‘क्रेस्ट’ नावाचे केंद्र आहे. त्या केंद्रातल्या एका खोलीत संगणकांपुढे बसून रात्रपाळीची मंडळी लडाखमधल्या हान्लेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण चालवतात. दुर्बीण समुद्रसपाटीपासून ४,५०० मीटरांवर, चालवणारे नऊशेच्या आसपास. हान्लेला हाडे गोठवणारी थंडी पडलेली असते, तेव्हा होसकोट्यात स्वेटरसुद्धा लागत नाही.

मराठी वाचकाला होसकोटे अगदीच परके नाही. शहाजीराजांना आदिलशाहीकडून मिळालेल्या कर्नाटकातल्या जहागिरीत बेंगळुरूबरोबर कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि हे होसकोटेही होते. शहाजीराजे बेंगळुरूला राहायला आले १६३८च्या सुमारास. त्यानंतर काही वर्षांतच, १६४५च्या आगेमागे, सूर्यावरचे डाग जवळजवळ नाहीसे झाले आणि पुढची सत्तर वर्षे ते क्वचितच दिसले. १६७४मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा आकाशात तळपत होता तो असा, जवळपास निष्कलंक सूर्य. या काळाला आता ‘माउंडर किमान’ म्हणतात. सूर्य इतकी वर्षे गप्प का बसला, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. ते शोधण्याचा एक मार्ग म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांकडे बघणे: त्यांच्यावरही डाग पडतात का, वाढतात का, नाहीसे होतात का, आणि किती वर्षांनी?

सूर्याच्या बाबतीत हे समजायलाही वेळ लागलाच. जर्मनीतल्या डेसाउ गावचा औषधविक्रेता हाइनरिख श्वाबे १८२६पासून रोज सूर्याकडे दुर्बीण लावत असे. त्याला शोधायचा होता बुधाच्याही आत फिरणारा एखादा ग्रह. ग्रह काही सापडला नाही, पण सतरा वर्षांच्या नोंदी हाताशी आल्यावर सूर्यावरचे डाग साधारण दहा वर्षांनी वाढतात आणि ओसरतात, हे मात्र त्याच्या ध्यानात आले. आज आपण हे चक्र सरासरी अकरा वर्षांचे मानतो. पुढे १९०८मध्ये अमेरिकेत जॉर्ज एलरी हेल यांनी दाखवले की डाग ही प्रबळ चुंबकीय क्षेत्राची ठिकाणे आहेत. तिथे चुंबकीय क्षेत्र आतून वर येणारा उष्ण वायू अडवून धरते, त्यामुळे सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्व्हिनच्या घरात असताना डागाचा गाभा चार हजारांच्या आसपास राहतो. डाग काळा दिसतो तो शेजारच्या झळाळीमुळे. तेवढाच तुकडा वेगळा काढून आकाशात टांगला, तर तोही डोळे दिपवेल.

तारा म्हणजे सर्वात मोठ्या दुर्बिणीतूनही बहुधा एक ठिपकाच. त्याच्यावरचा डाग बघायचा कसा? एका अंगाला काळा रंग फासलेला भोवरा लांबून फिरताना पाहिला, तर रंग दिसला नाही तरी भोवरा क्षणाक्षणाला उजळ आणि मंद होताना जाणवेल. तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा डागाळलेली बाजू समोर आली की प्रकाश किंचित घटतो, पलीकडे गेली की वाढतो. ही कल्पना आहे जुनी. फ्रेंच खगोलविद इस्माएल बुल्यो याने १६६७मध्येच ताऱ्यांच्या बदलत्या तेजाचे कारण म्हणून डाग सुचवले होते. ज्या ताऱ्यासाठी त्याने ती मांडली, त्या तिमिंगलातल्या ‘मीरा’च्या बाबतीत ती चुकीची ठरली, कारण मीरा तारा स्वतःच फुगतो आणि आकसतो. कल्पना मात्र पुढे कामाला आली. १९४७मध्ये जेराल्ड क्रॉन यांना एका जोडताऱ्याच्या प्रकाशात न जुळणारे चढउतार दिसले आणि ताऱ्याच्या पृष्ठभागावर काळेउजळ पट्टे असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बरीच वर्षे तिकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

१९७६मध्ये डग्लस हॉल यांनी अशा ताऱ्यांचा एक गटच वेगळा काढला. यात दोन तारे एकमेकांभोवती अगदी जवळून फिरतात, आणि भरती-ओहोटीच्या ओढीमुळे त्यांचे स्वतःभोवती फिरणेही प्रदक्षिणेच्या लयीत जखडले जाते. सूर्याला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला जवळपास महिना लागतो. यांतल्या अनेकांना दोन-चार दिवस पुरतात. तारा जितका वेगाने फिरतो आणि त्याच्या पोटात वायूची घुसळण जितकी खोलवर चालते, तितके चुंबकीय क्षेत्र जोमाने तयार होते. सूर्यावर आजवर नोंदला गेलेला सर्वात मोठा डागसमूह १९४७ सालचा. तोसुद्धा समोरच्या अर्धगोलाचा एक टक्कादेखील व्यापू शकला नाही. या ताऱ्यांवर डागांनी पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, झाकलेला असतो.

या शोधाला भारतातून हातभार लागला तो तमिळनाडूतल्या जवादी टेकड्यांमधल्या कवलूरहून. १९८०च्या दशकात भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे एम. व्ही. मेक्कडेन, ए. व्ही. रवींद्रन आणि एस. मोहिन हे तिथल्या ३४ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीवर अशा ताऱ्यांचे प्रकाशमापन करत. ३४ सेंटिमीटर म्हणजे आज हौशी निरीक्षकही बाळगतात एवढाच आरसा. वृषभ राशीतला ‘एचआर १०९९’ हा या लोकांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी एक.

काम कसे चाले, ते बघण्यासारखे आहे. दुर्बिणीच्या टोकाला प्रकाशमापक बसवलेला. त्याच्या तोंडाशी लहानसे गोल छिद्र, त्यात एका वेळी एकच तारा धरायचा. आधी तुलनेचा, म्हणजे तेज न बदलणारा तारा, मग हवा तो तारा, मग शेजारचे मोकळे आकाश, पुन्हा तुलनेचा तारा. प्रत्येकाला निळी गाळणी, मग पिवळी. तारा क्षितिजाकडे झुकला की हवेचा थर जाड होतो आणि प्रकाश आपोआप मंदावतो, ती वजावट वेगळी काढायची. एचआर १०९९च्या जोडीला आणखी एक भानगड आहे: त्याच्यापासून अवघ्या सहा कोनीय सेकंदांवर एक मंद तारा आहे आणि तोही छिद्रात घुसतो. त्याचा वाटा दर वेळी हिशोबातून काढून टाकावा लागतो. एवढ्या खटपटीनंतर एका रात्रीचे उत्पन्न काय? आलेखावरचा एक ठिपका, फार तर दोन. एचआर १०९९ची एक फेरी २.८४ दिवसांची, म्हणजे एकच आलेख पुरा करायला कितीतरी निरभ्र रात्री हव्यात, आणि पावसाळ्याचे महिने हिशोबातच धरायचे नाहीत. युरोपात सूर्य मावळण्याआधी आणि ऑस्ट्रेलियात उजाडायच्या सुमारास अंधार असणारी जागा म्हणून भारताच्या नोंदींना मोल असते. तीन दिवसांत फिरणाऱ्या ताऱ्याच्या काही बाजू एका ठिकाणाहून नेहमी हुकतातच.

वर्षानुवर्षे असे आलेख साठले की गमती दिसू लागतात. एका हंगामात एचआर १०९९चा प्रकाश फेरीगणिक ठसठशीत वरखाली होतो, तर काही वर्षांनी तो आलेख जवळपास सपाट होतो. सपाट झाला म्हणजे डाग गेले, असे कुणालाही वाटेल. इथेच फसगत होते. डाग ताऱ्याच्या सर्व बाजूंना सारखे पसरले, तर कुठलीही बाजू समोर येवो, प्रकाश तेवढाच राहील. ध्रुवाजवळचा डाग तर फेरीभर दिसतच राहतो, त्यामुळे चढउतारात तो उमटत नाही. खरी खबर देतो तो ताऱ्याचा सरासरी उजेड आणि त्याचा रंग. डाग वाढले की तारा एकूणच मंद आणि थोडा तांबूस होतो. मंदपणाची ही लाट दशकाच्या मापाने चालते. त्यात आणखी एक पेच आहे. डाग अजिबात नसताना हा तारा किती तेजस्वी असतो, हे कुणी पाहिलेलेच नाही. आजवरचा सर्वाधिक उजेड हीच तात्पुरती शंभर टक्क्यांची खूण मानायची, आणि एखाद्या हंगामात तारा त्याहून उजळला की सगळे हिशोब पुन्हा मांडायचे.

ध्रुवावरच्या डागाचा पत्ता लागला तो वर्णपटावरून. वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते, त्यामुळे वर्णपटातली काळी रेषा दोन्ही बाजूंना पसरते. डाग आला की त्या रेषेत एक बारीक उंचवटा उठतो आणि फेरीबरोबर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. असे पुष्कळ वर्णपट जोडून पृष्ठभागाचा नकाशा काढता येतो. १९८३मध्ये स्टीव्हन व्होग्ट आणि डोनाल्ड पेनरॉड यांनी एचआर १०९९चा असा नकाशा काढला तेव्हा त्यात ध्रुवावर भलामोठा डाग निघाला. सूर्यावर विषुववृत्तापासून चाळीस अंशांच्या पलीकडे डाग सहसा सापडत नाहीत. त्यामुळे ही आकडेमोडीतली चूक असावी, अशी शंका अनेकांनी घेतली. पण पुढे १९८१ ते १९९२ या काळातले नकाशे ओळीने लावले, तरी तो डाग जागेवरच होता. १९९२मध्ये मान्फ्रेड श्युस्लर आणि सामी सोलंकी यांनी कारण सुचवले: तारा वेगाने फिरत असेल तर पोटातून वर निघालेले चुंबकीय क्षेत्राचे नळे परिवलनाच्या प्रभावाने सरळ वर न येता ध्रुवाकडे ढकलले जातात.

सर्वात धिप्पाड डागाचा मान त्रिकोण तारकासमूहातल्या ‘एक्सएक्स ट्राय’ या राक्षसी ताऱ्याकडे जातो. १९९९मध्ये क्लाउस स्ट्रासमायर यांनी त्याच्यावर मोजलेला एक डाग सूर्याच्या सर्वात मोठ्या डागसमूहाच्या दहा हजार पट क्षेत्रफळाचा होता. अख्खा सूर्य त्या डागात हरवून गेला असता. तेनेरीफ बेटावरच्या ‘स्टेला’ या स्वयंचलित दुर्बिणीने मग या ताऱ्याचा पिच्छा सोडला नाही. सोळा वर्षांच्या वर्णपटांतून ९९ नकाशे तयार झाले आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. ते बघताना सूर्यासारखे नियमित चक्र हाती लागेल अशी आशा होती. हाती लागला तो निव्वळ गोंधळ. डाग येतात, एकमेकांत मिसळतात, फुटतात, विरतात, आणि त्यात कसलाही ठोस काळ दिसत नाही.

या विषयातल्या बातम्या वाचताना एक सावधगिरी बाळगावी. ‘अमुक ताऱ्यावर वीस वर्षांचे चक्र सापडले’ असे वाचले, तर नोंदी किती वर्षांच्या आहेत ते आधी पाहावे. तीस वर्षांच्या नोंदींत वीस वर्षांचे चक्र दीडदाच बसते, आणि दीड फेरीवरून चक्र जाहीर करणे म्हणजे घाई आहे. एचआर १०९९साठीसुद्धा निरनिराळ्या अभ्यासांनी पाच वर्षांपासून जवळपास वीस वर्षांपर्यंतचे आकडे दिले आहेत. सगळेच खोटे असतील असे नाही, एकावर एक चढलेल्या दोन-तीन लयी असू शकतात. पण निकाल लावायला आणखी एक पिढी लागेल.

म्हणूनच जुन्या नोंदींना सोन्याचा भाव आहे. हार्वर्ड वेधशाळेने एकोणिसाव्या शतकापासून आकाशाच्या काचेच्या फोटोपट्ट्या जपून ठेवल्या. १९७८मध्ये मार्क फिलिप्स आणि ली हार्टमन यांनी त्या पट्ट्यांवरून डागाळलेल्या तांबड्या ताऱ्यांचा पूर्वेतिहास काढला आणि तेज अनेक दशकांच्या लाटेने चढते-उतरते हे दाखवले. ज्यांनी त्या पट्ट्या काढल्या, त्यांना त्यांचा असा उपयोग होईल हे माहीतच नव्हते. अ‍ॅरिझोनात व्हिएन्ना विद्यापीठाने १९९०च्या दशकात दोन स्वयंचलित दुर्बिणी लावल्या. मोझार्टच्या नावावरून त्यांची नावे ‘वोल्फगांग’ आणि ‘अमाडेउस’ ठेवली. रात्रभर त्या आपल्या आपण एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जात मोजमाप करायच्या.

सूर्यासारख्या शांत ताऱ्यांवरचे डाग प्रकाशात पकडणे कठीण, कारण फरक फार बारीक असतो. त्यांच्यासाठी कॅल्शियमच्या रेषा उपयोगी पडतात. चुंबकीय हालचाल वाढली की त्या रेषांच्या मधोमध चकाकी वाढते. या रेषांशी भारताचे नाव जोडलेले आहे. वेणू बाप्पू अमेरिकेत असताना त्यांनी ओलिन विल्सन यांच्याबरोबर या चकाकीच्या रुंदीचा आणि ताऱ्याच्या खऱ्या तेजस्वितेचा संबंध शोधला. १९५७मध्ये प्रसिद्ध झालेला तो ‘विल्सन-बाप्पू परिणाम’. बाप्पूंनी पुढे कवलूरची वेधशाळा आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था उभारली. विल्सन यांनी १९६६मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत त्याच कॅल्शियम रेषा धरून सूर्यासारख्या ताऱ्यांची मोजणी सुरू केली. ती २००३पर्यंत चालली. शंभराहून अधिक ताऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास ताऱ्यांवर चक्र दिसले. तरुण, वेगवान ताऱ्यांची वागणूक बेशिस्त होती, वयस्क ताऱ्यांची चक्रे जास्त सुबक होती, आणि काही तारे चक्र नसल्यासारखे स्वस्थ होते. माउंडर किमानातला सूर्य बाहेरून असाच दिसला असेल का, हा प्रश्न तिथून निघाला आणि अजून वादात आहे.

उपग्रह १९७८पासून सूर्याचा एकूण उजेड मोजत आहेत. त्यातून एक उलटेच चित्र दिसते. सूर्यावर डाग सर्वाधिक असतात तेव्हा तो किंचित, सुमारे एक दशांश टक्क्याने, जास्त उजळ असतो. डागांच्या आसपासचे तेजस्वी पट्टे डागांची तूट भरून वर थोडे देतात. तरुण, चपळ ताऱ्यांत मात्र डागांची सरशी होते, म्हणून तिथे चुंबकीय जोर वाढला की तारा काळवंडतो. सूर्यही कधीकाळी असाच गरगर फिरणारा आणि डागाळलेला असणार. सौरवाऱ्याबरोबर फिरण्याचा जोर गमावत तो आज मंदावला आहे. पृथ्वीवर जीव रुजत होते तेव्हाचा सूर्य कसा होता, हे समजायला एचआर १०९९सारखा जोडतारा थेट नमुना ठरत नाही, पण चुंबकीय यंत्र टोकाला गेले की काय होते ते त्याच्यावर उघड दिसते. परग्रहांच्या शोधातही डाग पाय ओढतात. फिरणारा डाग वर्णपटात असे चढउतार निर्माण करतो, की ताऱ्याभोवती ग्रह फिरत असल्याचा भास व्हावा. २००१मध्ये एका तरुण ताऱ्याचा असा ‘ग्रह’ शेवटी डागच निघाला.

नोंदी टिकवण्याच्या बाबतीत महाराष्ट्राच्या वाट्याला एक हळहळ आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या मदतीने १८८८मध्ये वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या वेळी भारतात सर्वात मोठी होती. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून घेतले. १९१२मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर निरीक्षणे थांबली. कोडाईकनालचे तसे झाले नाही. तिथे १९०४च्या सुमारास सूर्याचे रोजचे फोटो काढायला सुरुवात झाली. १९०९मध्ये जॉन एव्हरशेड यांनी डागाच्या कडेतून बाहेर वाहणारा वायू तिथेच शोधला. आता शंभराहून अधिक वर्षांच्या त्या फोटोपट्ट्या संगणकात उतरवल्या आहेत, आणि जगभरचे सौरअभ्यासक त्यांचा उपयोग करतात.

२०१९च्या डिसेंबरात सूर्याचे पंचविसावे चक्र सुरू झाले. १० मे २०२४च्या रात्री त्याच्या एका प्रचंड डागसमूहातून निघालेल्या वादळांमुळे हान्लेच्या आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश उमटला आणि तिथल्या कॅमेऱ्यांनी तो टिपला. होसकोट्याच्या त्याच आवारात ‘आदित्य-एल१’ यानावरचे सौरप्रभा टिपणारे उपकरण तयार झाले, तर सूर्याचे अतिनील चित्र घेणारे ‘सूट’ पुण्याच्या आयुकात. यान २ सप्टेंबर २०२३ला सुटले आणि ६ जानेवारी २०२४ला ठरलेल्या जागी पोचले.

घरी साधी द्विनेत्री असेल तर एचआर १०९९ तुम्हालाही बघता येईल. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी वृषभ राशीच्या दक्षिण टोकाला, यमुना तारकासमूहाच्या सीमेजवळ, ‘१० टौरी’ हा चौथ्या प्रतीचा तारा शोधावा. त्याच्यापासून जेमतेम ११ कलांवर, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या अंतरावर, सहाव्या प्रतीच्या जवळपासचा एक फिका तारा आहे. तोच तो. निरीक्षक तुलनेसाठी वापरतात तो स्थिर तारा म्हणजे शेजारचा १० टौरीच. तिपाईवर साधा डीएसएलआर कॅमेरा लावून दोघांचे फोटो काढले आणि उजेडाची तुलना केली, तर काही हंगामांत तीन दिवसांतला फरक हौशी माणसालाही पकडता येतो. काढलेली मापे तारीख आणि वेळेसकट अमेरिकेतल्या ‘एएव्हीएसओ’ या संघटनेला पाठवावीत. भारतातूनही ती स्वीकारली जातात.